मारणाऱ्याचा वाटा

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून ओळखणं म्हणजे बालवाडी. सुकट, बोंबील, श्रावणात दार लोटून केलेलं आम्लेट, हे सगळं शेंबडं पोरही सांगायचं. खरे जाणकार कुकरच्या शिट्ट्या मोजत. डाळीला तीन, वाटाण्याला पाच, मटणाला बोकडाच्या वयाप्रमाणे पाच ते सात. शेजारच्या काकू ह्यातल्या पट्टीच्या. गॅलरीत तांदूळ निवडत पाठमोऱ्या बसायच्या आणि चार खोल्यांचे कुकर सांभाळायच्या. कुणी शिट्टी मोजायला चुकलं तर मान न वळवता "अगं, झाल्या गं तुझ्या तीन" म्हणून हाक जायची.

१९८३ मधल्या एका रविवारी आमच्या कुकरनं सातवी शिट्टी दिली, आठवी दिली, नववी दिली. काकूंचा तांदळातला हात थांबला. अकराव्या शिट्टीला त्या सूप घेऊनच आमच्या उंबऱ्याशी आल्या.

"वहिनी, रबर गेलं का हो कुकरचं?"

"नाही हो. मटण जरा जून लागलंय."

"अकरा शिट्ट्या? बोकड पेन्शनीत निघालेला होता की काय?"

आई भांडी आवरायला लागली. काकूंनी आवाज खाली आणला. "गावचं आहे का?"

त्या 'गावचं' मध्ये सगळं आलं. आईनं मुकाट्यानं वाटी काढली. चाळीत तोंड बंद ठेवायचा दर वाटीवर ठरलेला होता. संध्याकाळपर्यंत सात वाट्या गेल्या आणि गुपित मजल्यावर अगदी सुरक्षित झालं. आठव्या खोलीतले माळकरी होते, त्यांना वाटी देता येत नव्हती. त्यांनी दोन दिवस आमच्याशी बोलणं टाकलं, ते माळेमुळे की वाटीमुळे, हे कधी कळलं नाही.

वाटीत होतं रानडुक्कर. आणलं होतं मोठ्या मामानं.

मामा परळच्या एका गिरणीत साचेवाला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा महिन्याभरात मिटेल म्हणून तो पत्ते खेळत बसला. शिमगा आला, गेला, पत्ते फाटले, तेव्हा गिरणगावातल्या खोल्याच्या खोल्या ज्या वाटेनं रिकाम्या झाल्या त्या वाटेनं तोही सावंतवाडीकडच्या गावी निघून गेला. जाताना साचेवाला होता, वर्षभरानं परत आला तो शिकारी होऊन. संपानं काय काय हिरावून नेलं ते पुष्कळांनी लिहिलंय. आमच्या मामाला त्यानं एक गोष्ट मात्र दिली, आणि ती त्यानं पुढची तीस वर्षं पुरवून पुरवून वापरली.

"काय सांगू तुका," तो खाटेवर मांडी घालून सुरू करायचा, "डुकर म्हणजे काय, म्हशीयेवढो!"

पहिल्या वर्षी म्हशीएवढा. पुढच्या वर्षी रेड्याएवढा. माझ्या लग्नापर्यंत तो डुक्कर एसटीच्या बॉनेटपर्यंत पोचला होता.

गोष्टीतला तपशील मात्र पक्का असायचा. आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. मग गावातल्या जाणत्यांनी रान ठरवायचं. एका अंगानं हाकारे आत शिरायचे, डबे बडवत, आरोळ्या ठोकत, कुत्री पुढे घालून. दुसऱ्या अंगाला डुकराच्या येण्याच्या वाटा धरून बंदूकवाले दबा धरून बसायचे, विडी न ओढता. हे विडी न ओढणं मामा फार कठीण करून सांगायचा. बंदूक ठासणीची. नळीत दारू घाला, वर चिंधी कोंबा, वर छर्रे सोडा, पुन्हा चिंधी, गजानं ठासा, केप बसवा, आणि मग देवाचं नाव घेऊन बार टाका. बार चुकला तर हे सगळं पहिल्यापासून. तोवर डुक्कर पुढच्या गावाच्या हद्दीत जाऊन भुईमूग खायला लागलेला.

ह्या बंदुकांना परवाना असतो तो शेतीच्या संरक्षणाचा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे अजूनही बऱ्याच घरांत आजोबांच्या नावची अशी बंदूक भिंतीवर असते. पण निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, वर पोटनिवडणूक. मतदानाचा हक्क नसताना लोकशाहीचा इतका फायदा ह्या देशात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. आचारसंहिता लागली की डुकरं सहकुटुंब शेतात उतरतात, आणि मालक बांधावर उभा राहून डबा वाजवतो.

मग वाटे. मामाच्या गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात आवडायचा, कारण तो न्यायाचा होता. पडलेल्या जनावराचा आधी देवाचा मान काढायचा. मग बार ज्यानं टाकला त्याचा जादा वाटा. बंदूक दुसऱ्याची मागून आणलेली असली तर बंदुकीचा वाटा. मग हाकाऱ्यांना सारखे एकेक. कुत्र्यांनाही वाटा, तो कुत्र्याच्या मालकानं न्यायचा, आणि कुत्र्याला त्यातलं काय मिळतं हे मालकाच्या मनावर. केळीच्या पानांवर ओळीनं ढीग लावायचे, डोळ्यांनी तोलायचे, उगीच कुणी कुरकुरला तर त्यालाच म्हणायचं, "तू लाव बघू." काटा नाही, पावती नाही, तरी भांडण नाही. हे मामा सांगायचा तेव्हा आमच्या चाळीत नळाच्या पाण्याच्या बादल्यांवरून रोज सकाळी डोकी फुटत होती.

आमच्याकडे आलेला वाटा केवढा होता? चार बोटं जाडीचे, कातडीसकट तुकडे, हळद-मीठ चोळून चुलीवर टांगून धुरावलेले, आणि डालड्याच्या पत्र्याच्या डब्यात भरून एसटीनं रात्रभर मामाच्या मांडीवर आलेले. मांस गडद, जवळजवळ जांभळट. कातडीला लागून बोटभर चरबी, आणि तिच्यात अर्धवट भाजलेल्या केसांची काळी टोकं. आईनं ती विळीच्या पात्यानं खरवडून काढली तेव्हा मोरीत न्हाव्याच्या दुकानासारखा आवाज येत होता. तेल घालावंच लागलं नाही, चरबीच सुटत गेली. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप आणि दोन चमचे मसाला.

मसाला अर्थात लालबागचा. एप्रिल-मे महिन्यात आमच्या मिरची गल्लीतून जो न शिंकता जाऊन दाखवील त्याला दम्याचा दाखला द्यायला हरकत नाही. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी सासूला. ह्या मिरच्या धणे-खसखशीबरोबर भाजून डंख्यात कुटल्या की जे तयार होतं ते कशावरही घाला, आत कोण आहे ह्याला फारसं महत्त्व उरत नाही. खरं सांगायचं तर त्या रविवारी मी खाल्लं ते लालबाग. डुक्कर फक्त चावताना जाणवला, आणि तोही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाढेत जाणवत राहिला. पण शाळेत जाऊन मी सांगितलं की रानडुक्कर खाल्लं, आणि वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या पोरानं स्वतःहून मला बाकावर खिडकीकडची जागा दिली. मी तेव्हा नववीत होतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ह्या प्रकरणात मटणापेक्षा सांगण्याला चव आहे.

गुन्हा होता, हे कबूल करतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणजे आमचा कुकर अकरा वर्षं उशिरा शिट्ट्या देत होता. कायद्याचं एकोणचाळीसावं कलम मी पुढे केव्हातरी वाचलं. मारलेलं वन्य जनावर आणि त्याचं मांससुद्धा सरकारची मालमत्ता, असं त्यात आहे. म्हणजे त्या रविवारी आमच्या खोलीत शिजत होती ती राज्य शासनाची मालमत्ता. अकरा शिट्ट्यांचा उलगडा तिथे झाला. सरकारी वस्तू, वेळ लागणारच.

आज पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायला वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागता येते, पण पडलेला डुक्कर पुन्हा खात्याच्याच हवाली. शेतकऱ्याच्या वाट्याला रिकामा भुईमूग. घोरपडीचं तर नावच काढू नका. ती पहिल्या अनुसूचीत आहे, कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. कायदा असावाच, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गावाकडे दरेक माणसानं 'एकदाच' म्हणत जे रान उठवलं त्यात भेकरं आणि ससे कधी संपत आले ते कुणाला कळलंही नाही. फक्त हे सगळं फ्लॅटमध्ये बसून म्हणताना रात्रभर बांधावर डबा वाजवणारा माणूस आठवतो, आणि आवाज जरा खाली येतो.

आमच्या गिरणगावचं सोडा. पण ज्यांना गिरगाव म्हणजे नुसतं पन्हं, केळवणं आणि पांढरपेशा संसार वाटतो, त्यांना सांगायला हवं की मुंबईतली सगळ्यात गाजलेली शिकार गिरगावातली आहे. खेतवाडीतली. शिकारी दहा-बारा वर्षांचा, हत्यार छर्‍याची हवेची बंदूक, आणि जनावर चिमणी.

पोरगा १८९६ चा, लहानपणीच आई-वडील गेलेले, खेतवाडीत मामाच्या घरी वाढत होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. घरात भाचेमंडळींचा तांडा, आणि पोरांनी चिमण्या मारायच्या, हलाल करायच्या आणि खायच्या, हा सुट्टीतला उद्योग. आता चिमणीला अंगावर मांस किती? आमच्या शेजारच्या काकूंनी तिला अर्धी शिट्टीसुद्धा दिली नसती. पण पोरगा चिकाटीचा. तबेल्यात एका भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. ह्यानं गाडीमागे दडून नर टिपला. थोड्याच वेळात मादीनं दुसरा नर आणून खिळ्यावर बसवला. तोही टिपला. तिसरा हजर. सात दिवसांत आठ नर त्याच खिळ्यावर गेले, आणि पोरानं ते वहीत टिपून ठेवलं. विधवाविवाहाला पाठिंबा देणाऱ्या प्रार्थना समाजाचं मंदिर त्याच गिरगावात, फार लांब नाही. समाजाची भाषणं त्या चिमणीपर्यंत पोचली असावीत असा माझा संशय आहे. एवढी सुधारणा मात्र समाजालाही झेपली नसती.

पुढे १९०८ च्या सुमारास त्याच्या छर्‍यानं एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. पोरगा थबकला. प्रश्न शास्त्राचा नव्हता, ताटाचा होता. ही खायला चालते का? मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबाकडे पाठवलं. मिलार्डनं ती पीतकंठी चिमणी आहे म्हणून सांगितलं, कपाटातले कप्पे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, आणि सालिम अली तिथून जन्मभर पक्ष्यांच्याच मागे लागले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच चिमणी पडते. गळा पिवळा नसता तर ती संध्याकाळी कढईत गेली असती, आणि आपण आज पक्षी ओळखायला कुणाचं पुस्तक उघडलं असतं देव जाणे. खाण्यापूर्वी चौकशी केल्याचा एवढा मोठा लाभ मराठी माणसाला अजून एकदाही झालेला नाही. आपण आधी खातो, मग विचारतो, "काय होतं?"

ही सोसायटी तरी काय साधी? १५ सप्टेंबर १८८३ ला आठ जण भायखळ्याच्या म्युझियममध्ये जमले, म्हणजे आज ज्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात तिथे. सहा साहेब, दोन आपले. डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांच्या घरी १८६७ मध्ये प्रार्थना समाज सुरू झाला, आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढच्या वर्षी संस्थेला जागा दिली फिप्सननं, आणि हा फिप्सन दारूचा व्यापारी. म्हणजे शिकारीची मुंडकी, दारू आणि शास्त्र एका छपराखाली, वर प्रार्थना समाजाचे आशीर्वाद. ह्यातली पहिली दोन आमच्या चाळीतही एकत्र यायची, गटारीला. तिसऱ्याची उणीव राहिली. ऑफिसात मिलार्डच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात विल्यम नावाचा धनेश होता. सव्वीस वर्षं तिथे राहिला आणि १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळून गेला. एवढ्या शिकाऱ्यांच्या गोतावळ्यात सव्वीस वर्षं काढून शेवटी स्वतःच्या खाण्यानं मेला, हे मला फार मुंबईकर वाटतं. फोर्टातल्या सोसायटीच्या इमारतीचं नावही हॉर्नबिल हाउस, म्हणजे धनेशाचंच घर.

रानातलं काही खाल्लेला माणूस भेटला की मी त्याला एकच प्रश्न विचारतो, चव कशी होती? ससा? "कोंबडीसारखा." घोरपड? "कोंबडीसारखी, पण जरा घट्ट." बेडूक, साप, तितर, होला, सगळ्यांचं उत्तर कोंबडी. मग एवढं काट्याकुट्यातून पळून, पोलिसांना भिऊन, अर्धी रात्र चिखलात बसून माणसं खातात काय, तर कोंबडीसारखं काहीतरी. ती नाक्यावर सोलून मिळते.

ह्या बाबतीत आपले जुने लोक प्रामाणिक. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ह्याचा 'मानसोल्लास' ११३१ च्या सुमाराचा. त्यात राजानं काय खावं ह्याचं अन्नभोग म्हणून सविस्तर प्रकरण आहे. डुक्कर भाजायचा आहेच. कासवही आहे, आणि ते केळ्यासारखं लागतं असं तो म्हणतो. केळ्यासारखं! नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कोंबडीशिवाय दुसरी उपमा सुचत होती. आणि शेतातले, नदीकाठचे काळे दांडगे उंदीर. शेपटीला धरून गरम तेलात बुडवायचे म्हणजे केस जातात, गरम पाण्यानं धुवायचे, पोट साफ करायचं, आवळा आणि मीठ घालून शिजवायचे. नाहीतर सळईला लावून निखाऱ्यावर. मी ही कृती आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे पुस्तक आधी भांड्यांच्या फळीवरून खाली उतरव."

उंदराच्या बाबतीत आमचं लालबाग-परळ चालुक्यांना हार जाणारं नाही. महापालिकेत मूषक संहारक नावाचं पद आहे. मुंबईतला सरकारमान्य, पगारी शिकारी तो हाच. रात्री बॅटरी आणि काठी घेऊन निघायचं, गल्लीबोळ धुंडाळायचे आणि सकाळी उंदीर मोजून द्यायचे, रात्रीला तीस. डुकराच्या गोष्टीत आकडा सांगणाऱ्याच्या हातात असतो, इथे सकाळी साहेब मोजतो. म्हणून मूषक संहारकाच्या तोंडून शिकारकथा कधी ऐकलेली नाही. १८९६ ला प्लेग आला तेव्हापासून मुंबईचा उंदरावर डोळा आहे, आणि परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिनची प्रयोगशाळा आली तेव्हा शहरभरचे मेलेले उंदीर तपासणीला तिथे जाऊ लागले. शेपटीला धरून, राजाच्या वाड्यात, शास्त्रोक्त पद्धतीनं. सोमेश्वराला ओळखीचं वाटलं असतं, फक्त आवळा कुठाय म्हणून त्यानं विचारलं असतं.

जुन्या कायद्यात एक पाचवी अनुसूची होती, उपद्रवी जनावरांची, मारायला मोकळीक असलेल्यांची. उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं आणि कावळा. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. कावळ्याला त्या यादीत घालणारा माणूस मराठी नसणार हे उघड आहे. वडिलांना असं कोण म्हणतं?

रानातलं, चावणारं आणि तरीही कायदेशीर असं हवं असेल तर दादर गाठा. पावसाच्या तोंडावर स्टेशनाबाहेर पालघर-कर्जतकडच्या बाया टोपल्या घेऊन बसतात. टाकळा, फोडशी, भारंगी, आणि ह्या सगळ्यांची वाघीण म्हणजे शेवळं. तपकिरी-जांभळट, टोकदार, दिसायलाच संशयास्पद. नीट मारली नाहीत तर ती आपल्याला मारतात. घसा असा धरतात की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खुणांनी बोलतो. म्हणून बरोबर काकडं घ्यावी लागतात, ती हिरवी आंबट फळं, त्यांच्या रसानं शेवळाची खाज मरते. टोपलीवाली बाई काकडं न मागता जुडीवर ठेवते, आणि तुम्ही "हे कशाला?" म्हणालात तर तुमच्याकडे अशा नजरेनं बघते की जणू तुम्ही बिनबंदुकीचे वाघावर निघालात. दादरची सीकेपी घरं ह्या शेवळांत कोलंबी किंवा खिमा घालून जे करतात त्यासाठी मी घसा गहाण टाकायला तयार असतो. एकदा टाकलेलाही आहे. त्या घरी काकडं विसरली होती आणि चौघं पाहुणे जेवणानंतर भांडणाऱ्या मुक्यांसारखे बसलो होतो.

पण मी प्रत्यक्ष पाहिलेली, हाकाऱ्यासकट पाहिलेली शिकार एकच. तीसुद्धा दहा बाय बाराच्या खोलीत.

डुक्कर आलं त्याच वर्षीची गटारी. चिंबोऱ्या अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, हे शास्त्र, त्यामुळे गटारीच्या अवसेला बाजारात चिंबोरीला भाव सोन्याचा. गावाहून आलेली आजी स्वतः गेली. कोळणीशी अर्धा तास भांडून, प्रत्येकीचं पोट अंगठ्यानं दाबून, उलटी करून लाख भरलीय का बघून तिनं सहा आणल्या. सुतळीनं नांग्या बांधलेल्या, मोरीतल्या बादलीत टाकलेल्या, वर पाट. आजी खोबरं खोवायला बसली. मामा खाटेवर, समोर चाळीतली सात-आठ पोरं, आणि डुक्कर नुकताच झुडपातून बाहेर येत होता.

आजीनं पाट उचलला. मोजलं. पुन्हा मोजलं.

"सा हाडललंय," ती म्हणाली. "पाच असत."

पोरं ओरडली. मामाचे दोन्ही पाय खाटेवर गेले. ते किती चपळाईनं गेले हे मी बघितलं, आणि मला फार काही कळलं. पण आवाज त्याचा खणखणीत होता. "कोणी हलाचा नाय! रान उठवूक होया!"

आणि खरोखर त्यानं रान उठवलं. पोरांना ताटं-वाट्या दिल्या, दोघांना कपाटाच्या अंगाला, तिघांना ट्रंकांच्या अंगाला, मला मोरीपाशी. स्वतः चिंबोरीच्या येण्याच्या वाटेवर दबा धरून बसला. ती वाट खाटेवरून जात होती असं त्याचं म्हणणं. ताटं वाजू लागली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी आरतीला आल्यासारखं वर आलं. काकू उंबऱ्यावरून सांगत होत्या, "डावीकडे, डावीकडे! फुसफुस येतेय!"

ती आली लोखंडी कपाटाखालून. सुतळी कुरतडून एक नांगी मोकळी केलेली, ती वर धरून, तिरकी, अजिबात घाई नसलेली. जमिनीवर ओल्या पायांची टिंबं काढत ती खोलीच्या मध्यावर आली, थांबली, आणि हाकाऱ्यांना घाबरून डुक्कर जसा बंदुकीच्या दिशेनं जातो तशी सरळ खाटेकडे वळली. खाटेवरून मामाच्या पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्याची नाडी लोंबत होती. तिनं ती धरली.

संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद झाले होते. त्या दिवशी लालबागला पुन्हा भोंगा ऐकू आला.

आजी मोरीतून उठली. घाई तिलाही नव्हती. हातातलं खोबरं खाली ठेवलं, वाकली, चिंबोरीला मागून, पाठीच्या कवचाला दोन बोटांत धरून उचललं, वर नाडीसकट, आणि दुसऱ्या हातानं मोकळी नांगी मुळातून पिळून काढली. कट्ट असा एक आवाज झाला. "कुर्लेक फुडसून धरतत काय रे कोण?" एवढंच ती म्हणाली.

मामानं गोष्ट पुढे सुरू केली नाही. मी हळूच आजीला विचारलं, "मामानं गावी बार टाकला होता ना?"

"खयचो बार? तुझो मामा फणसार होतो. डुकर गेल्यावर उतरलो."

रात्री पंगत बसली. रश्शावर तेलाचा लाल तवंग आणि त्यात नांग्या, सगळ्यात वर ती मोठी, पिळून काढलेली. मामानं नेहमीच्या सवयीनं ताट पुढे केलं. आजीनं डाव थांबवला.

"कोणी मारली?"

कुणी काही बोललं नाही. आजीनं ती नांगी आपल्या ताटात ठेवली. तोंडात एकही दात नसताना ठेवली, आणि जेवण संपेपर्यंत ती तिथेच होती. आम्हा हाकाऱ्यांना सारखा एकेक तुकडा मिळाला. मामाच्या ताटात पडले दोन बारीक पाय आणि रस्सा.

हात धुवून मी गॅलरीत आलो तेव्हा मामा कठड्याला टेकून त्यातला एक पाय चोखत उभा होता, समोर काकू.

"काय सांगू तुमका, वैनी," तो म्हणत होता, "कुर्ली म्हणजे काय, ताटायेवढी!"

काकू मान डोलवत होत्या. वाटी त्यांनी बरोबरच आणली होती.